शरणपूरचे आफ्रिकी विद्यार्थी आणि आपण

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज असंख्य माणसे ये-जा करतात. या नावातल्या ‘शरण’ या शब्दापाशी त्यांतले फारसे कोणी थांबत नसावे. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवून नेलेली आणि गलबतांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतल्या काहींसाठी १८६०च्या सुमारास शरणपूर येथे आश्रम सुरू झाला. तिथे त्यांना अक्षरओळख झाली, इंग्रजी आणि बायबल आले, सुतारकाम-लोहारकामासारखे हुन्नर हाती आले. नवी नावेही मिळाली, आणि त्यांतली काही तर थेट मिशनऱ्यांचीच आडनावे होती. १८६६ साली लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत उतरलेल्या नाशिकच्या तरुणांत एक सायमन प्राइस होता, एक रिचर्ड आयझेनबर्ग.

परिसंवादांतून ‘सांस्कृतिक आदानप्रदान’ हा शब्दप्रयोग आपण किती सहजपणे करतो! दोन समान पक्ष आहेत, दोघेही स्वेच्छेने देतात-घेतात, असे त्यात गृहीत असते. शरणपूरची हकीकत हे गृहीतकच उलटे करते. इथला विद्यार्थी स्वतःहून आलेला नव्हता. त्याची मूळ भाषा, गाव, नाव काहीच त्याच्यापाशी धड उरले नव्हते. तरीही या देवघेवीचा पल्ला मोठा आहे. १८६४ मध्ये शरणपुरात शिकलेले काही जण मोंबासाजवळच्या राबाई येथे मिशनच्या कामाला गेले. १८७५ साली मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रेअर टाउन वसले, ते शरणपूरच्याच धर्तीवर. ते उभारणारे विल्यम साल्टर प्राइस हे पूर्वी शरणपुराचे प्रमुख होते, आणि त्यांना साथ देणाऱ्यांत नाशिकचे हे विद्यार्थी होते. केनियातल्या मिशनरी शिक्षणाच्या आरंभकाळात नाशिकचा असा वाटा आहे.

आपल्या इंग्रजी विभागांतून न्गुगी वा थिओंगो वाचला जातो. ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ (१९८६) वर निबंध लिहिले जातात, वसाहतीच्या शाळेने आफ्रिकी मुलाच्या भाषेचे काय केले यावर चर्चा होते. ती व्हायलाच हवी. मात्र अशी एक शाळा आपल्याच गावात होती, हे या चर्चेत क्वचितच कोणाला आठवते.

याकूब वेनराइट हा याच शाळेचा विद्यार्थी. १८७३ साली आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले गेले. त्या वेळी अंत्यप्रार्थना वाचली ती वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग देह घेऊन ही मंडळी महिनोन् महिने चालत समुद्रकिनाऱ्यावर पोचली. त्यांतला वेनराइट इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनाच्या वेळी शवपेटीसोबत होता. या प्रवासाची त्याने रोजनिशी लिहिली. १८७४ मध्येच तिचे जर्मन भाषांतर छापले गेले. मूळ हस्तलिखित सर्वांना वाचता येऊ लागले ते २०१९ मध्ये.

या विद्यार्थ्यांविषयी दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक मिशनच्या करुणेची, दुसरी वसाहतवादाने माणसाचे मूळ पुसल्याची. दोन्हींत तथ्य आहे. मात्र दोन्हींत विद्यार्थी हा इतरांच्या कृतीचा केवळ विषय राहतो. वेनराइटने स्वतः लिहिले, ही गोष्ट दोन्हींच्या हातून निसटते.

यावर असा आक्षेप येईल की, ही रोजनिशी मराठी नाही आणि साहित्यही नाही. पहिल्या आक्षेपाला उत्तर असे की, गावाचा वाङ्मयीन इतिहास आणि भाषेचा वाङ्मयीन इतिहास नेहमीच एक नसतात. गावात ज्याने लेखणी धरली तो गावाच्या इतिहासाचा भाग असतो. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. वरसईच्या गोडसे भटजींनी १८५७च्या धामधुमीत केलेला प्रवास लिहिला, तोही साहित्यिक होण्यासाठी नव्हे. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला तो संपादकाचा हात फिरूनच. मूळ संहिता लोकांसमोर यायला आणखी बरीच वर्षे गेली. आज तो मराठी गद्याचा अनिवार्य भाग आहे. इतिहासाच्या वावटळीत सापडलेल्या सामान्य माणसाचे लेखन कसे वाचावे, हे आपण त्या पुस्तकावर शिकलो. तीच दृष्टी वेनराइटला लावायला हरकत कसली?

म्हणून एक साधी सूचना. नाशिकच्या मराठी आणि इंग्रजी विभागांनी मिळून या रोजनिशीचे सटीप मराठी भाषांतर करावे. एका वर्षाच्या विद्यार्थ्यांना पुरेल एवढे हे काम आहे, आणि त्यासाठी सामंजस्य करार, शिष्टमंडळे यांतले काही लागत नाही. भाषांतर झाल्यावर एक प्रत मोंबासाला पाठवावी. फ्रेअर टाउनची जुनी घंटा तिथे आजही आहे, आणि तिच्यावरून त्या भागाला स्वाहिलीत केंगेलेनी, म्हणजे ‘घंटेपाशी’, असे म्हणतात. त्या मुलांना इथे आणताना कोणी त्यांचे मत विचारले नव्हते. त्यांतल्या एकाने जे स्वतःहून लिहून ठेवले, ते निदान आपण स्वतःहून वाचावे.