हळद, कुंकू आणि केमिस्ट्री

नात्यातल्या मंडळींना माझी ओळख नव्याने करून द्यायला नको, पण बाकीच्या ब्लॉगर मित्रमंडळींसाठी सांगते. मी मूळची सांगलीची. सध्या पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय, वर्ष तिसरं. दिवसभर लॅब, संध्याकाळी वेळ मिळालाच तर पेटी काढून बसायचं, आणि सुट्टीत घरी गेलं की आजीच्या हाताखाली पुरण वाटायचं. असो.

सांगली म्हणजे हळद. जवळच्या हरिपुरात ती जमिनीखालच्या पेवांत साठवायची पद्धत. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यात मी केमिस्ट्रीवाली, त्यामुळे लग्नाकार्यात एक प्रश्न हमखास येतो : "काय गं, कुंकू लावण्यामागे सायन्स आहे ना?"

आहे की! हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होतो ना, तेच. हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करतात ते याच गुणावर. बायकांच्या हातांना हे कधीपासून ठाऊक होतं, आणि कर्क्युमिनची रचना शास्त्रज्ञांना कळली १९१० मध्ये. मला याचा अभिमान वाटतो.

पण हे झालं कुंकू करण्यामागचं सायन्स. लावण्यामागचं नव्हे. कुंकवाने एकाग्रता वाढते, रक्तदाब ताब्यात राहतो, असे मेसेज मला दर सणाला येतात. माझा साधा प्रश्न आहे. कुंकू तब्येतीला इतकं चांगलं असेल, तर नवरा गेल्यावर बाईच्या कपाळावरून ते पुसायचं कशाला? तिला तब्येत नको असते का?

माझी एक आत्या विधवा आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आमच्याच घरी असते, पण स्वयंपाकघरात. तिळगुळाच्या वड्या तिच्या हातच्या, वाणाच्या पिशव्या तिनेच भरलेल्या. बाहेर मात्र येत नाही. तिला तसं कुणी सांगत नाही, आणि ये असंही कुणी म्हणत नाही.

लॅबमधले काही मित्र म्हणतात, सोडून द्या हे सगळं. मला ते पटत नाही. मला हळदीकुंकू आवडतं. एरवी कामात बुडालेल्या बायका त्या दिवशी नटून एकमेकींकडे जातात, हसतात, मनातलं बोलतात. एवढं कारण मला पुरतं, त्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला नको. बाजारातल्या स्वस्त लाल पुडीत शिसं असू शकतं, ते तपासणं केमिस्ट्रीचं काम. कुंकू कुणाला लावायचं हे मात्र आपणच ठरवलेलं आहे, तेव्हा बदलायचंही आपणच.

आणि बदलता येतं. आमच्यापासून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एक अख्खं गाव ठरवू शकतं, आमचं तर एकच घर आहे.

येत्या संक्रांतीला आत्याला बाहेर बसवून सगळ्यांबरोबर हळदीकुंकू लावायचं, असं मी आईला म्हटलंय. आई "बघू" म्हणतेय. आजी गप्प आहे. आत्याला विचारलं तर म्हणाली, "लोक काय म्हणतील गं?" नको म्हणाली नाही.

काकू, मावशी, वहिनी, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. ते 'लोक' म्हणजे तुम्हीच. तेव्हा संक्रांतीच्या आधी आत्याला एक फोन करा.