मोहाचा वारसा नेमका कोणाचा?

नंदुरबार : आदिवासींच्या मोहाच्या दारूला सरकारदरबारी प्रतिष्ठा मिळू लागली आहे. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये तिला 'हेरिटेज मद्य' म्हणून बाजारात आणण्याची घोषणा केली आणि नर्मदेपलीकडील अलीराजपुरात बचत गटामार्फत उत्पादनही सुरू झाले. महाराष्ट्राने त्याच वर्षी मोहफुलांचे संकलन व साठवणुकीवरील निर्बंध उठविले. गोव्याच्या फेणीने २००९ मध्ये मिळविलेले भौगोलिक मानांकन या साऱ्यांसमोर आहे.

सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्येच्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र हा प्रश्न केवळ महसुलाचा नाही. देवमोगरा मातेच्या पूजेत मोहाच्या धारेला मान आहे. ब्रिटिशांच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरविली आणि आदिवासी दुकानदाराचा गिऱ्हाईक झाला.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच अस्सल आहे. १९२२-२३ च्या देवी चळवळीत खानदेशातील आदिवासींनी दारू सोडण्याच्या शपथा घेतल्या. १९३० च्या दशकात तळोदा परिसरात गुलाम महाराजांनी हाच उपदेश केला. १९७० च्या दशकात शहाद्यात श्रमिक चळवळीतील महिलांनी गुत्त्यांवरील मडकी फोडली. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात आणि मार घरात, हा त्यांचा अनुभव होता. मोह ही ओळख, तशी मोह नाकारणे हीदेखील येथील ओळखच.

ओळख बाटलीत भरली, की ती मालकासोबत गाव सोडते, याचे उदाहरण आयर्लंडमध्ये सापडते. तेथील एनिस्कॉर्थी गावातील लेट घराण्याचा बिअरचा कारखाना १९५६ मध्ये बंद पडला. त्यांच्या तांबूस 'रेड एल'चे नाव मात्र परवान्यावर आधी फ्रान्समध्ये, पुढे अमेरिकेत गेले आणि 'आयरिश रेड' म्हणून खपले. राष्ट्राचे नाव बाटलीवर राहिले. गावच्या कारखान्याला कुलूप लागले ते लागलेच.

'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' अशी वर्गवारी बाळगणाऱ्या देशात मोहाला मान मिळणे स्वागतार्हच. परंतु १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांबाबत बंदी वा नियमनाचा अधिकार ग्रामसभेला मानला आहे. भट्टी लावायची की मडके फोडायचे, हे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील ग्रामसभेने, आणि त्या सभेत महिलांनी, ठरवायला हवे. मंत्रालयात ठरलेला वारसा हा नव्या वेष्टनातला जुना मक्ताच ठरेल.