नेसरीची खिंड आणि प्रभूचा विसावा

उमराणीस कोंडीत सापडलेल्या बहलोलखानास सोडल्याबद्दल शिवरायांनी दिलेला ठपका प्रतापराव गुजरांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अवघ्या सहा स्वारांनिशी त्यांनी मरण कवटाळले. त्या निष्ठेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु तसाच ठपका उराशी बाळगून आमचे जे बांधव नोव्हेनांची संख्या वाढवीत विसावा कमवू पाहतात, त्यांच्याशी आमचा वाद आहे. (नोव्हेना वाईट, असे आम्ही म्हणत नाही.) प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला त्याने किनाऱ्यावर आधी न्याहारी दिली, मेंढरे सोपविली ती नंतर. मग पापनिवेदन करून परतल्यावरही तेच पाप उगाळीत का बसावे? क्षमेवरील अविश्वासाला नम्रता म्हणावे, हे आम्हांस कोणी शिकविले?