पदकाची शिफारस कुणी केली, ते आधी सांगा

मंडळी, अश्विनी बिद्रे खटल्याचा निकाल लागला तेव्हा आपल्या पनवेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय चाललं होतं, आठवतंय? "बाप रे, एकदम वेबसिरीज!" मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

रहस्यकथाच हवी ना? मग डॅशिएल हॅमेट वाचा. गडी स्वतः पिंकर्टन एजन्सीत गुप्तहेर होता. १९३१ च्या त्याच्या 'द ग्लास की'त निवडणूक तोंडावर असताना सिनेटरच्या मुलाचा खून होतो आणि खुनी निघतो खुद्द सिनेटर! खून कुणी केला यापेक्षा तो दडपण्यात कुणाची सोय होती, हा त्याचा खरा सवाल.

आता आपल्याकडे या. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे ११ एप्रिल २०१६ पासून बेपत्ता. घरचे वणवण फिरले, हायकोर्टात गेले. अपहरणाचा गुन्हा नोंदवायला जानेवारी २०१७ ची अखेर उजाडली. आणि त्याच महिन्यात, प्रजासत्ताक दिनाला, घरच्यांचा ज्याच्यावर संशय होता तो वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर राष्ट्रपती पदकाचा मानकरी! अटक झाली थेट डिसेंबरमध्ये. मृतदेहाचे तुकडे वसईच्या खाडीत टाकले होते, ते आजतागायत सापडले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला खुनाबद्दल जन्मठेप दिली. तब्बल नऊ वर्षांनी.

काही जण म्हणतील, "शेवटी शिक्षा झाली ना? म्हणजे यंत्रणा चालते." अहो, चालली कुठे? धक्का मारून मारून ढकलावी लागली! तपास अधिकाऱ्यांनी आणि सरकारी वकिलांनी नंतर चांगलं काम केलं, ते मान्यच. पण अंगावर वर्दी असलेल्या बाईच्या घरच्यांना एवढे उंबरे झिजवावे लागले, तर कामोठ्यातल्या रिक्षावाल्याची मुलगी हरवली तर त्याने कुणाकडे जायचं?

एकटा कुरुंदकर आत गेला म्हणजे विषय संपत नाही. गुन्हा नोंदवायला एवढे महिने का लागले? संशयाच्या भोवऱ्यातल्या माणसाची फाईल पदकासाठी पुढे कुणी सरकवली, सह्या कुणाच्या? त्या पदकाबद्दल न्यायालयानेसुद्धा आश्चर्य व्यक्त केलंय. सही काही आपोआप होत नाही हो, ती करणाऱ्याला नाव असतं, हुद्दा असतो.

उद्या मतं मागायला दारात येतील त्यांना गटार, पाणी, खड्डे जरूर विचारा. सोबत हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत हा खटला माझ्यापुरता तरी निकाली निघालेला नाही.