फुलवालीचे प्रेम



दादरच्या फुलबाजारात गजरे ओवत बसणाऱ्या बायकांशी आपला जुना परिचय आहे. त्यांच्या कमाईबद्दल, फेरीच्या परवान्याबद्दल, उचलून नेलेल्या टोपल्यांबद्दल आपण बोलतो, मोर्चे काढतो. त्यांच्यातली एखादी प्रेमात पडली असेल, हे मात्र आपल्या कुठल्याच अहवालात येत नाही. गीतांजली राव यांच्या ‘बॉम्बे रोझ’ची नायिका कमला अशीच एक फुलवाली आहे.

बालविवाहाच्या कचाट्यातून निसटून ती आजोबा आणि धाकट्या बहिणीसह मुंबईत आली आहे. दिवसा गजरे विकते, रात्री डान्सबारमध्ये नाचते. काश्मीरहून आलेला सलीमही फुलेच विकतो. दोघांची नजरानजर होते. कमलापुढचा प्रश्न मात्र नुसता ‘होय की नाही’ एवढाच नाही. घर कोण चालवणार, बहीण शिकणार कशी, धर्माचे काय, हे सारे त्या एका नजरेत येते.

गीतांजली राव मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकल्या. या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन आणि संकलन त्यांचेच. सुमारे साठ कलाकारांनी दीड वर्ष खपून प्रत्येक चित्र हाताने रंगवले. २०१९ साली व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटाने झाली आणि ८ मार्च २०२१ रोजी, महिला दिनीच, तो नेटफ्लिक्सवर आला.

वयात येणाऱ्या मुलीच्या प्रेमाची गोष्ट चित्रांतून सांगण्याची परंपरा जपानमध्ये भक्कम आहे. १९९५ च्या ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’मधल्या शिझुकूला मुलगा आवडतो, पण त्याच्यामागे न जाता ती स्वतःची गोष्ट लिहायला बसते. तिच्यापाशी शाळा आहे, ग्रंथालय आहे, विचार करायला सवड आहे. कमलापाशी यातले काही नाही. आणि जपानमध्येही ही चित्रे काढणाऱ्या बायकांना सहज जागा मिळालेली नाही. तोएई स्टुडिओत मूल झाल्यावर बायकांनी काम सोडावे, असा दबाव होता. रेइको ओकुयामा त्याविरुद्ध झगडल्या आणि चित्रे काढत राहिल्या.

आता आपल्याकडे वळू. २००५ साली राज्य सरकारने डान्सबारवर बंदी घातली, तेव्हा चळवळीतच दोन तट पडले. तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्या सगळ्या वादात आपण बारमधल्या बाईच्या रोजगाराबद्दल बोललो, प्रतिष्ठेबद्दल बोललो. तिच्या मनाबद्दल बोललो का?

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमली. काही दिवसांतच त्यातून ‘आंतरजातीय’ हा शब्द गळला, ‘आंतरधर्मीय’ तेवढा उरला. काळजी मुलीची, पाळत मात्र तिच्या निवडीवर! कमला आणि सलीम खरे असते, तर त्यांची नावेही या माहितीत आली असती.

या पाळतीला आपण विरोध करतो. पण लालबाग-परळच्या आपल्या किशोरी गटांत काय चालते? पाळी, पोषण, कायदा, छेडछाड, सगळे विषय होतात. एखादी मुलगी हळूच म्हणते, “ताई, मला एक मुलगा आवडतो,” तेव्हा आपण म्हणतो, “आधी शिक्षण पूर्ण कर.” सल्ला चुकीचा नाही. पण तिची आईही हेच सांगते. मग ती आपल्याकडे कशासाठी येईल? आपण ऐकले नाही, तर तिचे ऐकणारा दुसरा कोणी भेटतोच, आणि तो तिच्या भल्याचाच असेल असे नाही.

हिंसेविरुद्ध बोलायला आपण शब्द घडवले. प्रेमाबद्दल बोलायचे शब्दही आपल्यालाच घडवावे लागतील: नकार कसा द्यावा, होकार कसा ओळखावा, आणि घर सोडण्याआधी कुणाशी बोलावे. हा चित्रपट आधी आपण कार्यकर्त्यांनी मिळून पाहावा, मग मोठ्या मुलींबरोबर. नंतर एवढेच विचारावे: कमलाच्या जागी तू असतीस तर? आणि उत्तर संपेपर्यंत आपण मध्ये बोलू नये.