शतपावली

तळोज्यांत आतां उंच इमारती उभ्या राहिल्या; 2023 सालच्या नोव्हेंबरपासून बेलापुराहून पेंधरपर्यंत मेट्रोही धांवूं लागली. लिफ्टनें उतरावें, बसून कचेरीस जावें, परतल्यावर जेवून पुन्हां बसावें, असा पुष्कळ घरांचा क्रम झाला आहे. आजीचें जातें गेलें हें ठीकच झालें. त्याचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनीं तें क्वचितच ओढलें असेल! परंतु जे श्रम आपोआप घडत, ते आतां बुद्ध्या करावे लागतात.

ज्या घरांत मधुमेह आहे, तेथें तर जेवणानंतरची शतपावली चुकवूं नये. चालतांना मांड्यापोटऱ्यांचे स्नायु रक्तांतील साखर ओढून घेतात. राबणारा स्नायु त्यासाठीं इन्सुलिनची वाट पाहात नाहीं. मात्र शंभर पावलें म्हणजे मिनिटभराचें काम. जागतिक आरोग्य संघटनेनें 2020 सालीं प्रौढांस आठवड्यास निदान 150 मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. पावसाळ्यांत बाहेर पडणें न झाल्यास, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं ज्यांचा प्रसार केला ते सूर्यनमस्कार दिवाणखान्यांतही घालतां येतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारून वेळ ठरवावी आणि फिरावयास जातांना जवळ थोडी साखर ठेवावी. वाटेंत एकाएकीं घाम सुटून हातपाय कांपूं लागले, तर ती लागते.