सागवान स्वस्त झाले म्हणजे जंगल वाचले का?

भारत आणि चीन यांच्या कठीण लाकडाच्या आयातीचे मूल्य एकाच आलेखावर मांडले, की चीनची रेषा उंच जाते आणि भारताची बरीच खाली राहते. त्यावरून चीन जगाची जंगले गिळतो आणि आपण त्या मानाने सोवळे, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. पण हे मूल्य डॉलरमध्ये मोजलेले असते आणि त्यात विमा व जहाजभाडेही धरलेले असते. 2021मध्ये कंटेनरचे भाडे कित्येक पटींनी वाढले, तेव्हा लाकूड तेवढेच येऊनही आकडा फुगला असता. रुपयांत मोजावे तर आणखी घोटाळा. 2014मध्ये सुमारे 61 रुपयांना मिळणारा डॉलर 2024मध्ये 84च्या घरात गेला.

दोन्ही देशांची वाट मुळात एकच. आपल्याकडे 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीला लगाम घातला. चीनने 1998च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर नैसर्गिक जंगलांतली तोड थांबवायला सुरुवात केली. घरची कुऱ्हाड थांबली, मागणी थांबली नाही. ती कांडला आणि झांगजियागांगच्या बंदरांकडे वळली. चीनची रेषा 2014च्या सुमारास एकदम वर गेली, त्यात त्यांच्या श्रीमंतांच्या शिसमी फर्निचरच्या हौसेचा मोठा वाटा होता. एका शिसमी ओंडक्याला साध्या लाकडाच्या कितीतरी पट भाव मिळतो. म्हणजे त्या चढावरून झाडे किती पडली हे कळत नाही.

आपले सागवान याच्या अगदी उलट. म्यानमारने 1 एप्रिल 2014पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका, घाना इथल्या लागवडीच्या सागावर आपली भिस्त वाढली. हा माल कोवळा, घेराला बारीक, बाहेरचा पांढरा भाग जास्त, गाठीही जास्त, म्हणून भावाला कमी. आणि लांबी तीच ठेवून घेर निम्मा झाला, तर घनफुटे चौथाईवर येतात. जिथे एक ओंडका पुरायचा तिथे चार लागतात. वखारीत बिल कमी झाले तरी तोडलेल्या झाडांची संख्या वाढलेली असू शकते, आणि आयातमूल्याच्या आलेखात ती वाढ बचतीसारखी दिसते.

ओंडके, कापीव लाकूड आणि व्हिनिअर यांची बेरीज करायला पैशाखेरीज दुसरे माप कुठे आहे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. मूल्य टाकून द्या असे म्हणणे नाहीच. त्याच्या शेजारी घनमीटर, मालाचे स्वरूप आणि तो कुठून आला हेही छापा, एवढीच मागणी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: लागवडीचा साग तोडला तर नैसर्गिक जंगलाला धक्का कुठे लागतो? बऱ्याच ठिकाणी लागत नाही, हे मान्य. पण ही लागवड पडीक रानावर झाली की जंगल साफ करून, हे आयातमूल्य सांगत नाही; तोड कायदेशीर होती का, हेही नाही. बेकायदा तोडलेले लाकूड विकत घेण्यास, वाहून नेण्यास आणि त्यावर प्रक्रिया करण्यास मनाई करणारी तरतूद चीनने जुलै 2020पासून आपल्या वनकायद्यात लागू केली. तिच्या अंमलबजावणीबद्दल शंका घ्यायला जागा आहे, तरी कागदावर ती आहे. आपल्या बंदरावर ओंडक्यातून कीड येत नाही ना, हे तपासले जाते; परदेशातली तोड कायदेशीर होती का, हे आयातदाराला सरसकट विचारणारा कायदा आपल्याकडे नाही.